कोण खंय आसा?

मी जवळपास दीड तप एका आमदाराचा स्वीय सहायक होतो. सुरुवातीची काही वर्षं ते आमदारही नव्हते, जिल्हा परिषदेचे सदस्य होते, आणि मी त्यांच्याकडे पगारावर नव्हतो. डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसलो होतो. अक्षर चांगलं, म्हणून अर्ज लिहायला त्यांनी बोलावलं आणि मी तिथेच राहिलो. तेव्हापासून ते मला मास्तर म्हणतात, मी त्यांना भाई. त्यांचं, पक्षाचं आणि मतदारसंघाचं नाव इथे लिहीत नाही. दक्षिण कोकणातला, किनाऱ्याला लागून असलेला मतदारसंघ, एवढं पुरेसं आहे. जिल्हा परिषदेपासून विधानसभेतल्या मुख्य प्रतोदपदापर्यंत, म्हणजे पक्षाचे आमदार मतदानाला हजर ठेवण्याच्या जबाबदारीपर्यंत, माणूस चढतो म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करतो, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. तेच सांगायचं आहे.

गावात भाईंच्या पदाचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. 'मंत्री कधी होतले?' एवढंच विचारायचे. कोकणात हे साहजिक आहे. १९८० मध्ये अंतुले, १९९५ मध्ये मनोहर जोशी, १९९९ मध्ये नारायण राणे, असे तीन मुख्यमंत्री या पट्टीने पाहिलेत, त्यामुळे आमदार म्हणजे मंत्रिपदाची पायरी असाच हिशोब असतो. पण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. बाकीच्यांना पुढे जायचं तर वाट पक्षाच्या आतून जाते: समित्या, प्रतोद, मुख्य प्रतोद, गटनेता. या वाटेवर लाल दिवा कधी नव्हता, म्हणून ती गावातून दिसत नाही.

प्रतोद या शब्दाचा मूळ अर्थ चाबूक. भाईंच्या हातात मी तो कधी पाहिला नाही. त्यांच्या हातात वही असायची.

ती वही जिल्हा परिषदेच्या काळातली. तिथे कामं मागायची म्हणजे ओढ्यावरचा साकव, पायऱ्यांची पाखाडी, धूपप्रतिबंधक बंधारा, एखादी जेटी. प्रत्येक वाडीची मागणी वेगळी आणि निधी सगळ्यांना मिळून एका वाडीला पुरेल एवढा. भाईंनी मला सांगितलं, मागणी लिहू नकोस, माणूस लिही. म्हणजे अमुक वाडीत साकव हवा असं न लिहिता, त्या वाडीत कुणाच्या घरी बैठक होते, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचा मुलगा मुंबईत कुठल्या मंडळात आहे, देवळाचे मानकरी कोण, पालखी आधी कुणाच्या दारी थांबते. कोकणातली अर्धी मतं मुंबईतून हलतात हे सगळे म्हणतात. भाई मात्र खरंच महिन्यातून दोनदा मुंबईला जाऊन लालबाग-परळच्या गावकऱ्यांच्या खोल्यांवर बसायचे. गणपतीत ते दिवसाला साठ-सत्तर घरं करत. मी मागून वही घेऊन. कुठल्या घरी कुणी आजारी आहे ते रात्री लिहायचं, आणि शिमग्याला त्याच घरी गेल्यावर आधी तेच विचारायचं.

त्या काळी मला हे मतांसाठी चाललंय असंच वाटायचं. मतांसाठी होतंच. पण हीच सवय पुढे त्यांना मुंबईत आणि नागपुरात वर घेऊन गेली, आणि ती अशी नेईल हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

२००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची नवी रचना लागू झाली. २००१ च्या जनगणनेवर ती बेतलेली होती, आणि आमची माणसं तर पोटासाठी मुंबईत. रत्नागिरी जिल्ह्याच्या जागा सातवरून पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारवरून तीन. संगमेश्वर, खेड, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली. दोन जिल्ह्यांचे मिळून अकरा आमदार होते, ते आठ झाले. याचं दुःख आमच्याकडे जेवढं व्हायला हवं होतं तेवढं कुणी केलं नाही असं मला आजही वाटतं. गाव सोडून गेलेल्या माणसाबरोबर सभागृहातला आवाजही जातो, हे त्या वेळी आकड्यांत दिसलं.

जागा कमी झाल्या, इच्छुक तेवढेच राहिले. उमेदवारीसाठी भाईंचं नाव चर्चेत होतं, आणि ते आलं नाही. त्या रात्री अंगणात दोनेकशे पोरं जमली होती. अपक्ष भरा, गाड्या आमच्या, असा आरडाओरडा. भाई ओटीवर बसून सगळं ऐकत राहिले. मध्यरात्रीनंतर सगळे पांगले तेव्हा मला म्हणाले, 'मास्तर, वाडीवार वही काढ. सकाळी सातला त्यांच्या घरी जायचं आहे.' त्यांच्या म्हणजे, ज्यांना उमेदवारी मिळाली त्यांच्या. मला राग आला होता, मी बोललोही. भाई म्हणाले, 'आज मी बाहेर पडलो तर उद्या मी कुणाला थांब म्हणू शकेन काय?' सकाळी सातला आम्ही त्या उमेदवाराच्या दारात उभे होतो. माझी सहा वर्षांची वही भाईंनी त्यांच्या टेबलावर ठेवली. ते गृहस्थ बराच वेळ ती उघडायलाच तयार नव्हते.

ती निवडणूक आम्ही दुसऱ्यासाठी लढलो. मला वाटतं भाईंचा पक्षातला खरा प्रवास त्या सकाळी सुरू झाला, कारण मुंबईतल्या नेत्यांना निवडून येणारे पुष्कळ भेटतात, डावललं गेल्यावर कामाला लागणारे मोजके.

पुढे त्यांना उमेदवारी मिळाली ती ए-बी फॉर्मच्या धावपळीसह. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना तो नुसता कागद वाटतो. ए फॉर्मवर पक्ष सांगतो की उमेदवार ठरवण्याची सही कुणाची, आणि बी फॉर्मवर त्या सहीने उमेदवाराचं नाव येतं. दोन्ही कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवेत, नाहीतर पक्षाचं चिन्ह मिळत नाही. आमचे कागद एक कार्यकर्ता कोकणकन्याने घेऊन येत होता आणि गाडी उशिरा होती. दहा हजारांची अनामत, प्रतिज्ञापत्र, सूचकांच्या सह्या, सगळं तयार ठेवून आम्ही तहसील कचेरीच्या आवारात फणसाखाली बसलो होतो. दीडच्या सुमारास तो पोरगा मोटरसायकलवरून शर्टाच्या आत पाकीट धरून आला. निवडून आलो त्या रात्रीपेक्षा मला ती दुपार जास्त आठवते.

पहिली टर्म विरोधी बाकावर गेली, आणि ती फार चांगली गेली. विरोधी बाकावरच्या नव्या आमदाराला दोनच हत्यारं असतात, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, आणि लक्षवेधी सूचना. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, त्यात मंत्र्याला पळवाट राहू नये अशी वाक्यं लिहावी लागतात. 'हे खरे आहे काय' असं विचारलं की 'हे खरे नाही' एवढ्यावर सुटका होते, म्हणून तारीख, गाव, रक्कम, आदेशाचा क्रमांक आत घालायचा. नियम १०५ ची लक्षवेधी म्हणजे ताज्या घटनेवरची, ती अध्यक्षांनी स्वीकारली तर मंत्र्याला निवेदन करावं लागतं. मी रात्रभर बसून मसुदे करायचो. मच्छीमारांचे प्रश्न तर भाईंचे हातखंडा. मासळीचा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, पण समुद्रावर पाहणार कोण? गस्तीला नौका किती, त्यातल्या चालू किती? रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढणारी माणसं सकाळी किनाऱ्यावर दोर धरून उभी आणि बांगड्याचा थवा रात्रीच दिवे लावून उचललेला. हे सगळं भाई सभागृहात बोलायचे तेव्हा खाली मान घालून वाचत नसत. त्यांचे वडील रापणीच्या दोरावर होते.

किनाऱ्यावरची जुनी माणसं अजून नाथ पैंचं नाव काढतात. १९५७ पासून १९७० च्या अखेरीला लोकसभा बरखास्त होईपर्यंत ते राजापूरचे खासदार होते, कायम विरोधी बाकावर. संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी १९६७ मध्ये स्वतःचं खासगी विधेयक मांडलं होतं, आणि पुढे १९७१ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती झाली ती त्याच दिशेने. त्यांच्यानंतर मधू दंडवते, तेही मंत्रिपदाची काही वर्षं सोडली तर विरोधातच. सत्तेबाहेर राहून काम करता येतं यावर आमच्या भागाचा विश्वास आहे तो या दोघांमुळे. भाईंनाही पहिल्या टर्मला आपलं असंच काहीतरी होईल असं वाटत असावं.

तसं झालं नाही, कारण भाई शेवटपर्यंत बसायचे.

मला हे समजायला वेळ लागला. विधानसभेचं कामकाज सकाळी टीव्हीवर दिसतं ते, पण संध्याकाळी सातनंतर सभागृह पाहण्यासारखं असतं. नियम २९३ खालची चर्चा रात्रीपर्यंत रेंगाळते, बाकं रिकामी होतात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला, एकदशांश सदस्य लागतात, म्हणजे २९, आणि कित्येकदा तेवढेही नसतात. कुणी बोट ठेवलं की घंटा वाजते. अशा वेळी आमच्या पक्षाच्या बाकावर भाई हमखास असायचे, आणि कोण कुठे गेलंय हे त्यांना माहीत असायचं. कॅन्टीनला कोण, मंत्रालयात कोण, कोण रात्रीची गाडी पकडायला निघालंय. तत्कालीन मुख्य प्रतोदांनी एकदा लॉबीत त्यांना सहज विचारलं, 'आपले किती आहेत आवारात?' भाईंनी आकडा सांगितला आणि पाठोपाठ नावं सांगितली. दुसऱ्या वर्षी ते प्रतोद झाले. आभाराचं भाषण नाही, सत्कार नाही, पक्ष कार्यालयातून एक पत्र आलं.

तेव्हा वही परत निघाली. या वेळी वाड्यांऐवजी आमदार. भाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की आमदारांचे नंबर लिहू नकोस, ते सगळ्यांकडे असतात. ड्रायव्हरचा नंबर घे, पीएचा घे, गावच्या घरचा घे. आमदाराचा फोन बंद असतो, ड्रायव्हरचा चालू असतो. कुणाला साखर आहे, कुणाची आई अतिदक्षता विभागात आहे, कुणाच्या मतदारसंघात अधिवेशनाच्या आठवड्यातच जत्रा येते. विदर्भातले, मराठवाड्यातले आमदार, ज्यांची भाषा ऐकायलाही आम्हाला वेळ लागायचा, त्यांच्या घरची लग्नं आमच्या वहीत आली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हे सगळ्यात अवघड. आम्ही कोकणकन्याने मुंबई आणि तिथून विदर्भ एक्स्प्रेसने नागपूर गाठायचो, डिसेंबरच्या थंडीत. आमदार निवासात भाई सकाळी सहाला अंगावर शाल घेऊन बसायचे आणि चहा येण्याआधी विचारायचे, 'कोण खंय आसा?' म्हणजे कोण कुठे आहे. एरवी माझ्याशी ते साधं मराठी बोलत. हा प्रश्न मात्र कायम मालवणीत. मी यादी वाचायचो. मतदान असो वा नसो, हे रोज.

निवडणुका झाल्या, आमचा पक्ष सत्तेत आला, भाई दुसऱ्यांदा निवडून आले आणि मुख्य प्रतोद झाले. गावात लोक थोडे खट्टू झाले, कारण त्यांना मंत्रिपद हवं होतं. पेढे वाटले गेले, पण 'प्रतोद म्हणजे काय ओ?' हा प्रश्न मला पेढ्यागणिक आला.

पक्षादेश कसा निघतो ते सांगतो, कारण बातम्यांत नुसतं 'व्हिप बजावला' एवढंच येतं. मसुदा दोन-चार ओळींचा असतो: अमुक दिवशी सभागृहात उपस्थित राहून पक्षाच्या बाजूने मतदान करावं. खरं काम तो पोचवण्याचं. प्रत्येकाच्या हातात द्यायचा, सही घ्यायची, वेळ लिहायची. सापडला नाही तर खोलीच्या दाराला चिकटवायचा आणि त्याचा फोटो काढायचा, शिवाय मोबाईलवर पाठवायचा. कारण उद्या कुणी आदेश मोडला तर अध्यक्षांपुढे अपात्रतेच्या अर्जात पहिला प्रश्न हाच येतो, आदेश मिळाला होता का. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेलं दहावं परिशिष्ट सांगतं की पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर सुटका. म्हणजे मी ज्या पोचपावत्या दोऱ्याने बांधून ट्रंकेत ठेवायचो, त्यातला प्रत्येक कागद एका माणसाच्या आमदारकीचा होता. मला त्या ट्रंकेची भीती वाटायची, हे खरं आहे.

पक्षादेश देण्याचा अधिकार नेमका कुणाचा, यावर ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात निकाल दिला. प्रतोद आणि गटनेता नेमतो तो राजकीय पक्ष, आमदारांचा गट नव्हे. त्या दिवसांत टीव्हीवर गल्लीबोळातले लोक 'प्रतोद' हा शब्द उच्चारू लागले. मला आनंद झाला नाही. आपलं काम लोकांना माहीत झालं ते भांडणातून झालं, याचं वाईट वाटलं.

आणि माझं स्वतःचं मत सांगायचं तर हा आदेश फार पसरला आहे. १९९२ मध्ये दहावं परिशिष्ट वैध ठरवताना न्यायालयाने म्हटलं होतं की सदस्यत्व जाईल असा आदेश सरकारच्या विश्वासाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी संबंधित मतदानापुरता असावा. प्रत्यक्षात साध्यासुध्या विधेयकालाही तो निघतो आणि आमदाराला विचार करायची गरज उरत नाही. मी हे भाईंना अनेकदा बोललो. ते म्हणायचे, 'बरोबर आहे तुझं.' आणि पुढची यादी मागायचे.

आता त्या दिवसाबद्दल. अर्थसंकल्पी अधिवेशन, मुंबई. अनुदानाच्या, म्हणजे खात्यांच्या खर्चाच्या, मागण्यांवर चर्चा चालू होती, त्यात मत्स्यव्यवसाय विभागाची मागणी होती. अशा मागणीवर सदस्य कपात सूचना देतात: मागणीतून शंभर रुपये कमी करा, आणि त्या निमित्ताने अमुक तक्रारीवर बोलू द्या. शंभर रुपयांना अर्थ नसतो, तक्रारीला असतो. मच्छीमारांना नौकांच्या डिझेलवरचा कर परत मिळतो, सहकारी सोसायटीमार्फत, आणि तो वर्षानुवर्षं थकतो. कपात सूचना त्यावर होती. विरोधी बाकावरच्या एका सदस्याने दिली होती. पक्ष कार्यालयात मी ती वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीला थांबलो. वाक्यं माझी होती. भाई विरोधात असताना मी लिहून दिलेली, सभागृहाच्या कार्यवाहीत छापली गेलेली. त्या सदस्याने ती तशीच उचलली होती, आणि त्यात गैर काहीच नव्हतं, कारण तक्रार तशीच शिल्लक होती.

एरवी कपात सूचना चर्चेनंतर आवाजी मताने पडतात. पहिल्यांदा मी गॅलरीतून मागणी मंजूर करणारा 'होय'चा गलका ऐकला होता तेव्हा मला देवळातलं गाऱ्हाणं आठवलं होतं. गुरव म्हणतो आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, कोण म्हणालं ते वेगळं ओळखू येत नाही. पण त्या दिवशी विरोधकांनी मतविभागणी मागितली, म्हणजे डोकी मोजून मतदान. आमच्यात आणि त्यांच्यात फार अंतर नव्हतं, आणि पैशाच्या मागणीवर सरकार हरलं तर ते सरकारवरचा अविश्वास समजला जातो. घंटा सुरू झाली. मी फोनवर होतो, एक गाडी मरीन ड्राइव्हला, एक मंत्रालयाच्या फाटकात, एकजण दातांच्या डॉक्टरकडे. भाई दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या पाठीला हात लावून आत घेत होते. मग दारं बंद झाली. उभं करून मोजणी होते. सूचनेच्या विरोधात आमचे सगळे उभे राहिले, भाईही राहिले. सूचना पडली.

बाहेर आल्यावर ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'अक्षर ओळखलं मी.' छापील कागदात अक्षर कुठलं, पण मला कळलं.

माझ्या मताप्रमाणे आदेश फक्त विश्वासापुरता ठेवला असता, तरीही त्या दिवशी तो निघालाच असता. पैशाची मागणी होती. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आमच्याकडे बातमी त्याच रात्री पोचली. अधिवेशन संपल्यावर भाईंनी स्वतःहून मच्छीमार सोसायटीच्या गुदामात बैठक लावली. मी सुचवलं होतं की पंधरा दिवस जाऊ द्या, त्यांनी ऐकलं नाही. बर्फाच्या पेट्या बाजूला सारून माणसं बसली होती. पुरुष मंडळी आकड्यांवर बोलली, किती लिटर, किती वर्षं, कुणाचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर. मग मागून एक म्हातारी उठली. बाजारात टोपली घेऊन बसणारी, भाईंना लहानपणापासून ओळखणारी.

'झिला, तू उभो रवलस काय नाय, तेवढा सांग.'

भाई म्हणाले, 'रवलंय.'

'आमच्या विरोधात?'

'माझ्याच कागदाच्या विरोधात रवलंय.' आणि मग त्यांनी सरकार पडणं म्हणजे काय, शंभर रुपयांची कपात म्हणजे काय, हे सगळं शांतपणे सांगितलं. कुणावर ढकललं नाही. पक्षाचा आदेश होता असं म्हणता आलं असतं, पण तो आदेश त्यांच्याच सहीचा होता, आणि तेही त्यांनी सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तिला ते पटलं की नाही ते मला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, 'मगे आता आमचो कागद लिवतलो कोण?'

परतताना समुद्राच्या बाजूने आलो. जूनची बंदी लागायला अजून अवकाश होता, होड्या पाण्यात होत्या. भाईंनी गाडी थांबवली आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. मला म्हणाले, 'पहिल्या टर्मला मी एका अधिवेशनात किती प्रश्न टाकत होतो?' मी आकडा सांगितला. 'आणि आता?' तो मी सांगितला नाही. मुख्य प्रतोदाने प्रश्न विचारू नये असा नियम नाही. पण आपल्याच मंत्र्याला सभागृहात अडचणीत आणणारा प्रतोद दुसऱ्या दिवशी कुणाला थांब म्हणणार, हा तोच जुना हिशोब होता, ओटीवरचा. पक्षात ते जसजसे वर गेले तसतसे त्यांच्या वहीत माणसं वाढली आणि कार्यवाहीत त्यांचे शब्द कमी झाले. त्यांना ते माझ्या आधी दिसलं असणार.

मग आम्ही जे केलं ते सांगतो. आमच्याच पक्षाचे, पहिल्यांदा निवडून आलेले एक आमदार होते, रायगडच्या किनाऱ्याकडचे. डिझेल परताव्याचा प्रश्न तिकडेही तोच. पावसाळी अधिवेशनासाठी भाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि माझी फाईल त्यांच्या हातात दिली. तीन रात्री मी त्यांच्याबरोबर बसलो. मुख्य प्रश्न कसा लिहायचा, मंत्री 'तपासून घेऊ' म्हणाले की उपप्रश्न कुठला, त्यावर 'निधी उपलब्ध होताच' असं आलं की तिसरा कुठला. तारीख सोडायची नाही, सभागृहात तारीख दिली की ते आश्वासन होतं आणि ते पुरं झालं का हे पाहायला आश्वासन समिती आहे. पोरगा हुशार होता. त्याला मी दोनदा पाठ म्हणायला लावलं.

प्रश्न यादीत वर लागला. त्या दिवशी मी लॉबीतल्या टीव्हीसमोर उभा होतो. मंत्र्यांनी पहिल्यांदा 'तपासून घेऊ' म्हटलं. दुसऱ्यांदा 'निधी उपलब्ध होताच'. तिसऱ्या उपप्रश्नाला त्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी मागवली आणि थकलेली रक्कम तीन महिन्यांत देतो म्हणाले. माझे हात थरथरत होते. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या सोसायटीचे चेअरमन, गुदामात सगळे मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघत बसले होते.

'मास्तरांनु, ह्यो आमदार खंयचो? आमच्या सोसायटीचो आकडो तेका कसो ठावक?'

मी म्हटलं, 'रायगडचे आहेत. अभ्यास केलाय त्यांनी.'

पडद्यावर कॅमेरा क्षणभर सभागृहाच्या मागच्या बाजूला वळला. भाई शेवटच्या बाकांच्या मागे उभे होते, ओठ हलत होते. डोकी मोजत होते.